एका ओढीत चार कामं

सहा काडतुसांच्या डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला घेतला की घोडा पडेपर्यंत बोट जेमतेम दीड सेंटिमीटर मागे येतं. एवढ्याशा प्रवासात चार कामं उरकतात. सिलिंडरचा खटका निघतो, सिलिंडर बरोबर सहावा हिस्सा फिरतो, खटका पुन्हा बसतो, आणि हे चालू असताना घोडा मागे चढत जाऊन शेवटच्या क्षणी सुटतो. ना बॅटरी, ना मोटार. पोलादाचे मोजके तुकडे, दोन-तीन स्प्रिंगा आणि एका बोटाचा जोर. ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बसली आणि आजही मुळात तीच आहे. मला तिचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

बुलढाणा जिल्ह्यात रिव्हॉल्व्हरचा विषय निघतो तो बहुधा निवडणुकीच्या तोंडावर. आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांनी आपलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं. २०२४ साली हा योग दोनदा आला. बुलढाणा लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. अशा वेळी चावडीवर, पेढीवर, कोर्टाच्या आवारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. परवाना मिळालाच, तर घ्यावं कोणतं? लहान, हलकं, खिशात मावणारं, की मोठं, वजनदार? माझं उत्तर आहे मधलं. ०.३२ बोअरचं, पोलादी, सातशे ग्रॅमच्या आसपासचं, डबल अ‍ॅक्शन. ते का, हे समजायला आधी त्या यंत्राच्या पोटात शिरावं लागतं.

बाजूची झाकणपट्टी उघडलेलं रिव्हॉल्व्हर एकदा जवळून पाहावं. अर्थात ते रिकामं आहे याची खात्री करून, आणि पेच काढणारा हात जाणकार कारागिराचा असेल तेव्हाच. चापाच्या मागच्या अंगाला एक अरुंद, उभी पोलादी पट्टी अडकवलेली दिसते. चाप मागे येतो तशी ती वर सरकते आणि सिलिंडरच्या पाठीवर असलेल्या दातेरी चकतीचा एक दात वर ढकलते. चकतीला दात सहा, म्हणून एका ढकलीत सिलिंडर ६० अंश फिरतो. चाप पुढे सोडला की पट्टी खाली उतरते आणि पुढच्या दाताखाली जाऊन बसते. सायकलचं पेडल उलटं फिरवताना जी टिकटिक येते, ती याच जातीच्या दात-खटक्याची.

सिलिंडरच्या अंगावर बाहेरून सहा खाचा असतात. चौकटीच्या तळातून एक इवलासा खटका वर डोकावतो आणि त्यातल्या एका खाचेत रुतून बसलेला असतो. तो तिथे असेपर्यंत सिलिंडर हलणार नाही. चाप किंचित मागे आला की चापाचाच एक कोपरा या खटक्याला खाली ओढतो. सिलिंडर मोकळा होतो, उभी पट्टी त्याला ढकलू लागते. पण खटका फार वेळ खाली राहत नाही. थोडं अंतर गेल्यावर चापाचा कोपरा त्याच्यावरून निसटतो, खटका स्प्रिंगेच्या जोरानं वर येतो आणि फिरत्या सिलिंडरच्या अंगाला घासत राहतो. वापरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर खाचांना जोडणारी जी बारीक चकचकीत रेघ दिसते, ती या घासण्याची. पुढची खाच समोर आली की खटका त्यात पडतो. टक्. सिलिंडर जागच्या जागी.

आता घोडा. त्याच्या पुढच्या अंगाला स्प्रिंगेवर टेकलेली एक छोटी जीभ असते आणि चापाच्या मागच्या टोकाला एक ओठ. चाप ओढताना हा ओठ जिभेला वर उचलतो, म्हणजे घोडा मागे चढतो. पण चाप एका खिळ्याभोवती फिरतो आणि घोडा दुसऱ्या. दोघांचे कंस वेगळे. काही अंतर ते एकमेकांना धरून चालतात आणि मग दूर होऊ लागतात. ओठ जिभेच्या अगदी टोकाशी येतो, आणि निसटतो. त्या क्षणी मुख्य स्प्रिंगेत दाबून बसलेली सगळी ताकद घोड्याला पुढे फेकते. गोळी कधी सुटायची हे दोन वर्तुळांची भूमिती ठरवते. मला या साऱ्या यंत्रातली सगळ्यात सुंदर जागा ही वाटते. कागदावर दोन कंस काढणाऱ्या कुणा कारागिरानं तो क्षण आधीच नेमून ठेवलेला असतो.

आणि हे सगळं क्रमानं व्हायला हवं. सिलिंडर अडकला नाही तोवर घोडा पडता कामा नये. पडला, तर काडतुसाचं घर आणि नळी यांची तोंडं एका रेषेत नसतील. सिलिंडर आणि नळी हे रिव्हॉल्व्हरात दोन वेगळे भाग असतात आणि त्यांच्यामध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार कसा? ही फट साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटरची. गोळी सुटताना तिला ही दरी ओलांडून नळीत शिरायचं असतं. तिला सांभाळून घ्यायला नळीचं मागचं तोंड किंचित नरसाळ्यासारखं पसरट कापलेलं असतं, पण ते केसभर चूक पोटात घालतं, जास्त नाही. ०.३२ च्या काडतुसात दारू पेटल्यावर दाब हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपटीपर्यंत चढू शकतो. त्यातला थोडा वायू या फटीतून दोन्ही बाजूंना पात्यासारखा बाहेर पडतो. म्हणून रिव्हॉल्व्हर धरताना दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरच्या पुढच्या टोकाशी कधीही येऊ द्यायचं नसतं. सिनेमात बघून धरायला शिकलेल्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे आवर्जून सांगतो.

या यंत्राच्या जन्मकथेत कलकत्ता येतं हे फार थोड्यांना माहीत असतं. १८३० मध्ये सॅम्युअल कोल्ट हा सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा 'कोर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज बोस्टनहून कलकत्त्याला निघालं होतं. जहाजावरचं फिरून अडकणारं चाक पाहून त्याला कल्पना सुचली आणि त्यानं लाकडाचा नमुना कोरला, असं सांगतात. १८३६ मध्ये त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं. त्याच्या रिव्हॉल्व्हरात घोडा अंगठ्यानं मागे ओढला की सिलिंडर फिरे, चाप फक्त घोडा सोडण्यापुरता. यंत्र भरवशाचं, नेम चांगला, पण प्रत्येक वेळी अंगठा लागणार.

लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सनं १८५१ मध्ये उलट वाट धरली. अंगठ्याचं कामच काढून टाकलं, सगळं चापावर घातलं. त्याच वर्षीच्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्ट आणि अ‍ॅडम्स दोघांचीही रिव्हॉल्व्हरं मांडलेली होती. अ‍ॅडम्सचं भराभर चाले, पण ओढ जड असल्यानं दूरचा नेम चुके. मग फ्रेडरिक ब्यूमाँट या इंग्रज लष्करी इंजिनीअरनं दोन्ही रीती एकाच यंत्रात बसवल्या. त्याला २० फेब्रुवारी १८५६ रोजी पेटंट मिळालं. घाई असेल तर नुसता चाप ओढा. निवांतपणा असेल तर अंगठ्यानं घोडा चढवा आणि चाप हलकेच दाबा. ही दुहेरी सोय म्हणजेच डबल अ‍ॅक्शन, आणि ती आजतागायत टिकून आहे. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, हिंदुस्थानात उठाव झाला तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला अशी रिव्हॉल्व्हरं आलेली होती. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा झाला. हत्यारासाठी परवाना हिंदी माणसाला लागे, युरोपियनांना सूट. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १९६२ मध्ये अमलात आला.

बुलढाण्याच्या परवानाधारकाला आज जे सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर मिळतं त्याचं कूळ इंग्रजी वेब्लीचं आहे. वेब्लीचं पहिलं लष्करी रिव्हॉल्व्हर १८८७ मधलं. त्या घराण्यातल्या मार्क ४ वरून कानपूरचं ०.३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बेतलं गेलं. वरचा खटका दाबला की नळी पुढे खाली मोडते, सिलिंडर उघडा पडतो आणि ताऱ्याच्या आकाराचा दट्ट्या सहाही रिकामी काडतुसं एकदम वर उचलतो. ही मोडणारी रचना दिसायला देखणी आणि भरायला झटपट आहे, पण बिजागरी आणि वरचा खटका हे तिचे कच्चे दुवे. एकसंध चौकटीत सिलिंडर बाजूला उघडण्याची रीत कोल्टनं १८८९ मध्ये आणि स्मिथ अँड वेसननं १८९६ मध्ये बाजारात आणली होती. कानपूरच्या कारखान्याचं तसं रिव्हॉल्व्हर, 'प्रबल', ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. नळी ७६ मिलिमीटर, वजन काडतुसांशिवाय ६७५ ग्रॅम. माझ्या मनातल्या मधल्या मापाला हे नेमकं बसतं.

बोअर ०.३२ च का, याचं उत्तर कायद्यात आहे. लष्कर-पोलिसांच्या काडतुसांचे व्यास, म्हणजे ९ मिलिमीटर किंवा ०.३०३ सारखे, आपल्याकडे 'प्रतिबंधित बोअर' आहेत. सामान्य नागरिकाच्या वाट्याला येतं ते त्याबाहेरचं, आणि रिव्हॉल्व्हरात त्याचा अर्थ मुख्यतः ०.३२. हे काडतूस १८९६ चं, स्मिथ अँड वेसनच्या त्या बाजूला उघडणाऱ्या पहिल्या रिव्हॉल्व्हरासोबत जन्मलेलं. गोळी साधारण सव्वासहा ग्रॅमची, नळीतून बाहेर पडताना वेग सेकंदाला सुमारे २२० मीटर. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे आणि या काडतुसांच्या बुडावर त्याचीच 'केएफ' ही अक्षरं उमटलेली असतात. आपल्या भागाला याहून जवळचा कारखाना वरणगावचा. मलकापूरहून भुसावळकडे रेल्वेनं निघालं की बोदवडनंतर, भुसावळच्या थोडं अलीकडे वरणगाव स्टेशन लागतं. तिथला आयुध कारखाना १९६४ चा, लहान हत्यारांच्या काडतुसांचा. दोन्ही कारखाने २०२१ पासून एकाच सरकारी कंपनीत आहेत आणि तिचं मुख्यालय पुण्यात आहे.

आता वजनाचा मुद्दा. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे.

दुकानात हातात घेतल्यावर हलकं रिव्हॉल्व्हर मोह घालतं. कानपूरच्याच आयुध कारखान्यानं जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' आणलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर स्त्रियांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. इछापूरच्या रायफल कारखान्याचं 'निडर' त्याहून हलकं, ०.२२ बोअरचं, अवघं २५० ग्रॅमचं. पर्समध्ये मावतं, हे खरं. पण गोळी पुढे जाते तेव्हा हत्यार मागे येतं आणि हा हिशोब निसर्ग चोख ठेवतो. ०.३२ च्या गोळीचं वजन गुणिले वेग, हा संवेग हत्यारालाही तेवढाच उलटा मिळतो. नुसत्या गोळीचा हिशोब मांडला तर सातशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर सेकंदाला २ मीटर वेगानं मागे येतं, पाचशे ग्रॅमचं २.८ मीटर वेगानं. हाताला बसणारी ऊर्जा जवळपास १.४ ज्यूलवरून २ ज्यूलवर जाते. दारूच्या वायूचा धक्का वर मिळवला की दोन्ही आकडे आणखी चढतात. म्हणजे वजन तीनदशांशानं कमी केलं आणि दणका चाळीस टक्क्यांनी वाढला. पहिली गोळी झाडून झाल्यावर हात वर उडतो तो यामुळे, आणि दुसऱ्या वेळी माणूस धक्क्याच्या धास्तीनं डोळे मिटतो तेही यामुळेच.

ज्याला ते कमी वेळा झाडायचं आहे, त्याच्यासाठी तर हा मुद्दा जास्तच मोलाचा आहे. रोज सराव करणारा हलकं हत्यार आवरू शकतो. वर्षातून क्वचित सराव होणाऱ्या माणसाला वजनाचीच मदत लागते. बारीक चणीच्या माणसाला किंवा बाईला हलकं रिव्हॉल्व्हर द्यावं, हा समज मला म्हणूनच उलटा वाटतो.

वजनाहून मोठी गोष्ट चापाची. डबल अ‍ॅक्शन ओढीला पाच किलोच्या आसपास जोर लागतो, कारण बोटाला सिलिंडर फिरवायचा असतो आणि मुख्य स्प्रिंगही दाबायची असते. घोडा आधीच अंगठ्यानं चढवलेला असेल तर हाच जोर दीड-दोन किलोवर येतो. जरा विचार करा, सातशे ग्रॅमच्या वस्तूवर एक बोट तिच्या वजनाच्या सातपट जोर लावतंय आणि ती वस्तू हलू द्यायची नाही! नेम चुकतो तो बहुतेक वेळा इथेच, डोळ्याचा त्यात दोष थोडा. नळीच्या टोकावरची नेमाची माशी एक मिलिमीटर बाजूला सरकली आणि मागची खाच व माशी यांच्यात १२० मिलिमीटर अंतर असलं, तर दहा मीटरवर गोळी ८ सेंटिमीटर बाजूला जाते. अंतर १८० मिलिमीटर असेल तर साडेपाच सेंटिमीटर. आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर अचूक नसतं असं नाही. ते माणसाची चूक मोठी करून दाखवतं, एवढंच. पण लांब नळीचं जवळ बाळगायला अवघड, उपसायला अवघड, आणि पुढे जड असल्यानं मनगट दमवणारं. तीन इंची नळी हा या ओढाताणीतला बरा तोडगा आहे. अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं १८९९ पासून जी मध्यम चौकट चालवली आणि जिनं तिथल्या पोलिसांची पिढ्यान्‌पिढ्या सोबत केली, तिचंही यश याच मधल्या मापाचं.

जड चापाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बहुतेक डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरांना बाहेरून बंद-चालू करायची कळ नसते. ती लांब, जड ओढ हेच कुलूप असतं. धक्का लागून, कपड्यात अडकून दीड सेंटिमीटर आणि पाच किलो एकदम घडत नाही. चाप सोडल्यावर आतला एक तुकडा घोड्याला किंचित मागे घेऊन धरतो, म्हणजे घोड्याची सुई काडतुसाच्या टोपीवर टेकून राहत नाही. जुन्या काळात ही सोय नव्हती, तेव्हा शहाणी माणसं घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरत. अंगठ्यानं चढवलेला घोडा मात्र ही सारी सुरक्षितता घालवून बसतो. चढवलेल्या घोड्यानिशी रिव्हॉल्व्हर घेऊन फिरणं म्हणजे निव्वळ अविचार.

काडतूस ओलीनं किंवा जुनेपणानं फुसकं निघालं तर पिस्तुलात दोन्ही हातांची खटपट करावी लागते. इथे पुन्हा चाप ओढला की पुढचं घर आपोआप समोर येतं. संकटातल्या माणसासाठी हा मोठाच गुण आहे. सरावाच्या मैदानावर मात्र हाच गुण घातक. टोपी पेटून दारूनं धरायला वेळ लावला, तर काडतूस थोड्या उशिरानं उडू शकतं. तोवर सिलिंडर पुढे फिरवलेला असेल तर ते नळीसमोर नसतानाच उडेल. म्हणून तिथे घोडा पडूनही आवाज आला नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं आणि मगच उघडायचं. आवाज आला पण दबका, तर लगेच थांबायचं. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फाटते.

हत्यार पसंत करायला दुकानात गेलात तर आधी सिलिंडर उघडून सहाही घरं डोळ्यांनी पाहा आणि बोटानंही चाचपा. मग सुरक्षित दिशेला धरून, मालकाला विचारून, चाप अगदी सावकाश ओढा. घोडा पडण्याआधी खटक्याचा टक् आवाज आला पाहिजे. तो आधी न येता घोडा पडला, तर ते रिव्हॉल्व्हर परत ठेवा, किंमत काहीही असो. हीच परीक्षा सहाही घरांवर करा, कारण चकतीचा एखादाच दात झिजलेला असतो. चाप मागे दाबून धरलेला असताना सिलिंडर बोटानं हलवून पाहा. अगदी नाममात्र हालचाल चालते, खुळखुळ चालत नाही. उजेडासमोर धरून सिलिंडर आणि नळीमधली फट पाहा, ती केसासारखी आणि दोन्ही बाजूंना सारखी दिसायला हवी. मोडणाऱ्या जातीचं असेल तर नळी धरून बिजागरीत ढिलाई आहे का ते बघा. आणि सगळ्यात शेवटी तुमचा पंजा. मूठ नीट पकडल्यावर तर्जनीचं पेर चापावर सरळ पडतं का? फक्त टोक पोचत असेल तर माप मोठं, बोट दुसऱ्या पेरापलीकडे शिरत असेल तर लहान.

शेतातल्या उपयोगाबद्दल खोट्या आशेवर कुणी राहू नये. ज्ञानगंगा अभयारण्याच्या आजूबाजूच्या गावांना अस्वलाची धास्ती नवी नाही. सोयाबीन-मक्यात रानडुकरं आणि रोही घुसतात तेव्हा रात्ररात्र जागल करावी लागते. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला वाघ शेकडो कोस चालून याच ज्ञानगंगेत येऊन राहिला होता. ०.३२ च्या गोळीची ऊर्जा १५० ज्यूलच्या आसपास. चवताळलेल्या अस्वलाला ती थांबवणार नाही, उलट जखमी करून आणखी पिसाळून सोडेल. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. पिकाच्या राखणीसाठी शस्त्र अधिनियमात ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, त्या कामाला रिव्हॉल्व्हर मागणं हे मुळातच चुकीचं हत्यार मागणं आहे.

परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावे जातो. वय किमान २१ लागतं, पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, आणि जिवाला धोका काय हे पटवून द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला बाळगता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला याच दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले. मला ही तरतूद मनापासून पटते. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येतेच.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही आणलं. त्याकडे कागदाचा आणखी एक तुकडा म्हणून पाहणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की ०.३२ चं काडतूस खरं काय करू शकतं ते मैदानावरच कळतं. ऑलिंपिकच्या बाहेर, राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल असा प्रकार खेळला गेला आहे. त्यात जगभरच्या नेमबाजांची सर्वाधिक पसंती याच ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग काडतुसाला आहे. त्यासाठी गोळीचं टोक सपाट ठेवतात, म्हणजे कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. पेटीतल्या रिव्हॉल्व्हरसाठी आपण कायद्यामुळे घेतो ते काडतूस, आणि जगातले कसलेले हात अचूकतेसाठी निवडतात ते काडतूस, दोन्ही एकाच जातीचे. १९९० मध्ये ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अशोक पंडित यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. त्या स्पर्धेत भारताला १३ सुवर्णं मिळाली. त्यातली १२ वेटलिफ्टिंगची होती, तेरावं त्यांचं. २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. एकूण ६० गोळ्या, पैकी ३० सावकाश आणि ३० तीन-तीन सेकंदांच्या झलकीत. सावकाश झाडायच्या गोळ्यांसाठी २५ मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ अवघ्या ५ सेंटिमीटर व्यासाचं असतं. साठ गोळ्यांत मिळून गेले ते फक्त १० गुण.